गावाला तुमचं पिणं ठाऊकच आहे

ताई, नमस्कार.
सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. साखर कारखान्यात फिटर आहे, वय ४३. दारू पंधराएक वर्षांची. गेल्या वर्षी पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, त्यानंतर सात महिने थेंब घेतला नाही. मग भावकीतल्या लग्नात हळदीच्या रात्री घेतली आणि तेव्हापासून परत रोजचं चालू झालंय. आता सकाळी हात थरथरतात, चहाचा कप धरवत नाही. केंद्रातून निघताना सांगितलं होतं की एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' गटाच्या, मीटिंगला जात राहा. मी गेलोच नाही. इथं मीटिंग कुठं भरते ते माहीत नाही, आणि भरत असली तरी गाव लहान. कुणी बघितलं तर? मुलगी लग्नाची आहे. शिवाय तिथं प्रार्थना म्हणतात असं ऐकलंय, माझा देवाधर्मावर विश्वास नाही. बायको म्हणते, चार दारुडे एकत्र बसून एकमेकांची काय दारू सोडवणार? मुलगा दहावीला आहे, त्याला काय सांगून घराबाहेर पडू?
— एक वाचक

दादा,

तुम्ही मीटिंगबद्दल विचारलंय, पण मला आधी चहाच्या कपाबद्दल बोलू द्या. सकाळी हात थरथरतात याचा अर्थ तुमच्या शरीराला रात्रीची दारू उतरणं आता सोसत नाही. अशा अवस्थेत जोशात येऊन 'आजपासून बंद' करणं धोक्याचं असतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, माणूस स्थळकाळ विसरतो, ताप चढतो, आणि वेळेत दवाखाना मिळाला नाही तर जीवही जातो. म्हणून पहिली पायरी डॉक्टरची. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथं जा किंवा तुमच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. किती पिता ते खरं सांगा. अर्धी सांगितलेली दारू डॉक्टरला चुकीच्या मात्रेकडे नेते. आठ-दहा दिवस गोळ्यांच्या आधारानं शरीर शांत करता येतं, आणि सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात त्याचा तुटवडा असतो आणि त्यानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. याआधी कधी फिट आली असेल, तर घरी प्रयोग करूच नका, सरळ भरती व्हा.

हे चालू असतानाही मीटिंगला जायला हरकत नाही. एएत यायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. सोडलेली असली पाहिजे अशी अट नाही. पिऊन आलेल्या माणसालाही सहसा हाकलत नाहीत, आज बोलू नका, फक्त ऐका, एवढंच सांगतात.

आता कुठं शोधायची ते. तुमच्याकडे एक हुकमी वाट आहे आणि ती तुम्ही वापरलेली नाही: पुण्याचं केंद्र. तिथल्या समुपदेशकाला फोन करा आणि सांगा की मी परत प्यायला लागलोय, माझ्या भागातला गट सांगा. लाज वाटेल, पण त्यांच्याकडे असे फोन रोज येतात. आणि त्यांना तुमच्या तालुक्यातून येऊन गेलेली, आज न पिणारी माणसं माहीत असतात. त्या माणसाची परवानगी घेऊन ते तुमची गाठ घालून देऊ शकतात. मुक्तांगणसारख्या मोठ्या केंद्रांचे पाठपुरावा गटही पुण्याबाहेर अनेक शहरांत भरतात, त्याचीही चौकशी करा. दुसरी वाट म्हणजे एएचं भारतातलं अधिकृत संकेतस्थळ. त्यावर शहराप्रमाणे मीटिंगांची माहिती मिळते आणि फोन नंबर मिळतो. तो नंबर लावल्यावर पलीकडून बोलणारा बहुतेक वेळा स्वतःच दारू सोडलेला असतो, त्यामुळे प्रस्तावना करावी लागत नाही. 'मला दारूचा त्रास आहे, मीटिंग कुठं आहे?' इतकं पुरतं. हे दोन्ही जमलं नाही तर सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मन फारच खचलं, जीव नकोसा वाटला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

यादीत पत्ता सापडला की लगेच एसटीत बसू नका. आधी फोन करून दिवस, वेळ आणि जागा पक्की करा. आपल्याकडे बहुतेक गट शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत, एखाद्या संस्थेच्या हॉलमध्ये भरतात. शाळेला सुट्टी लागली की जागा बदलते आणि यादीतला पत्ता मात्र तोच राहतो. मोठ्या धीरानं गेलेला माणूस कुलूप बघून परत फिरतो आणि वाटेत त्याला परमिट रूम लागते. मराठीत बोलतात का, हेही विचारा. आणि 'ओपन' आहे की 'क्लोज्ड' ते विचारा. ओपन मीटिंगला घरची माणसं किंवा कुणीही बसू शकतं, क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. पहिल्यांदा बायकोला सोबत न्यायचं असेल तर ओपन बघा.

गाव लहान आहे, कुणी बघेल, ही तुमची भीती मला समजते. मुलीचं स्थळ बघायचं असलेल्या बापाच्या डोक्यात दुसरं काय येणार? पण दादा, तुम्हाला जरा कठोर वाटेल असं सांगते. गावाला तुमचं पिणं ठाऊकच आहे. ज्यानं हळदीच्या रात्री ग्लास भरून दिला त्याला ठाऊक आहे, दुकानदाराला, कारखान्यातल्या शिफ्टला, शेजारच्या वहिनींना, सगळ्यांना ठाऊक आहे. गावाला न दिसलेली एकच गोष्ट आहे, तुम्ही सोडायला धडपडताय ही. तुम्ही मीटिंग लपवता तेव्हा पिणं लपत नाही, धडपड तेवढी लपते. स्थळाकडचे लोक चौकशीला आलेच, तर 'बाप पितो' आणि 'बाप प्यायचा, आता मीटिंगला जातो' यांतलं कुठलं वाक्य त्यांच्या कानावर जावं, हे तुमच्या हातात आहे.

तरीही सुरुवातीला आपल्याच गावात जायचा धीर होत नसेल तर शेजारच्या तालुक्यात किंवा सोलापुरात जा, बरेच जण असंच करतात. गुप्ततेची काळजी करू नका. एएत नोंदवही नसते, फॉर्म नसतो, आधार कार्ड मागत नाहीत, फोटो काढत नाहीत. आडनाव सांगावं लागत नाही. तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं, हा संकेत माणसं फार कसोशीनं पाळतात, कारण प्रत्येकाचंच काहीतरी तिथं उघडं पडलेलं असतं. आणि समजा, त्या खोलीत तुमच्या कारखान्यातलाच कुणी बसलेला दिसला, तर तो तिथं का बसलाय याचाही विचार करा. त्यालाही तुम्हीच दिसला आहात.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते, म्हणजे दाराशी पाय अडखळणार नाहीत. दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलं की सगळे वळून बघतात आणि तेवढ्यानंच माणूस माघारी फिरतो. समजा, शाळेचा वर्ग असेल. तिसरी-चौथीच्या मुलांचे बाक, मोठी माणसं गुडघे वाकडे करून त्यात बसलेली. फळ्यावर सकाळच्या गणिताची अर्धवट पुसलेली बेरीज. टेबलावर दोन-तीन पुस्तकं, पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा एक डबा, कोपऱ्यात चहाची किटली. कुणीतरी उठून हात पुढं करतो आणि विचारतो, पहिल्यांदाच आलात का? हो म्हणा. मग मीटिंग चालवणारा एक छोटा मजकूर वाचतो, एए म्हणजे काय, अट काय, फी नाही वगैरे. त्यानंतर एकेक जण बोलतो. 'नमस्कार, मी अमुक, मी मद्यपाशी आहे,' म्हणजे दारूच्या पाशात अडकलेला आहे, अशी सुरुवात आणि सगळ्यांचं एका सुरात 'नमस्कार'. पहिल्यांदा हे ऐकताना अंगावर काटा येतो. पुढं तो माणूस स्वतःचं सांगतो: पगाराचं पाकीट कसं घरी पोचलं नाही, वडिलांच्या दहाव्यालाही कसा पिऊन गेला, आणि आज दिवसभर न पिता कसा राहिला. मध्येच कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, उलट बोलत नाही. तुमची पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं. तास-दीड तासात संपतं. डबा फिरतो, त्यात दहा रुपये टाका किंवा काहीच टाकू नका. खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच निघतो. एए बाहेरच्या कुणाकडून देणगी घेत नाही. म्हणून एएच्या नावाखाली कुणी प्रवेश फी मागितली, तर ती एए नव्हे हे ओळखा.

मीटिंग संपल्यावरची पंधरा मिनिटं मला मीटिंगइतकीच मोलाची वाटतात. नवखा माणूस चपला घालून पटकन सटकतो, आणि तिथंच चुकतो. चहा घ्या. दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि त्याच रात्री त्यांतल्या एकाला 'पोचलो' एवढा फोन करा. काही बोलायचं नसलं तरी करा. कारण पुढं कधीतरी संध्याकाळी सातला तुमचे पाय दुकानाकडं वळतील, तेव्हा ज्याला एकदाही फोन केलेला नाही अशा माणसाचा नंबर लावायला बोट उचलत नाही. दारूच्या आधी फोन, ही सवय आधीच लागलेली असावी लागते. त्यांतल्याच ज्या माणसाचं बोलणं पटेल, ज्याला सोडून काही वर्षं झालीत, त्याला पुढं स्पॉन्सर, म्हणजे तुमचा वाटाड्या, व्हायला सांगता येतं. दारूतून बाहेर पडायच्या एएनं आखलेल्या बारा पायऱ्या आहेत, त्यांचं काम तो तुमच्याबरोबर बसून करतो. त्याची घाई नको.

वहिनींचा प्रश्न मला चेष्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. पंधरा वर्षं ज्या घोळक्यात नवरा बिघडला, तसाच घोळका बघून त्या बाईला धास्ती वाटणारच. त्यांना एएची सुरुवात सांगा. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर दलाल कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. काम फसलं, खिसा रिकामा, परकं गाव, आणि हॉटेलच्या लॉबीतून पलीकडच्या बारचा आवाज येत होता. त्यानं तिथल्या फोनवरून चर्चमध्ये फोन लावले आणि चौकशी केली की या गावात माझ्यासारखा कुणी दारूत अडकलेला आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. पंधरा मिनिटांसाठी बसलेले दोघं कित्येक तास बोलत राहिले. त्याआधीचे पाच महिने बिल अनेकांची दारू सोडवायला धडपडला होता आणि एकाचीही सुटली नव्हती. पण त्या धडपडीत तो स्वतः न पिता राहिला होता, हे त्याच्या लक्षात आलं. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तिथं कुणी कुणाची दारू सोडवत नाही. दुसऱ्याला आपलं सांगताना सांगणारा त्या दिवसापुरता सुटा राहतो. त्याच वर्षी जूनमध्ये डॉ. बॉब शेवटचं प्याले आणि तो दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो. भारतात हे काम १९५७ साली सुरू झालं.

आणि पुरावा हवा असेल तर तोही आहे. वैद्यकीय अभ्यासांची कसून छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. माणसांना ठरावीक पद्धतीनं एएशी जोडून देणारे उपचार पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांची सुटली असं कुणीच म्हणत नाही. पण 'नुसतं बसून काय होतं' याला एवढं उत्तर पुरे.

आता प्रार्थना. हो, म्हणतात. जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती मिळो, जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य मिळो, आणि दोन्हीतला फरक कळो, अशा अर्थाची ती आहे. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेखही येतो, पण 'आम्हाला जसा उमगला तसा' या शब्दांसह. देव न मानणारे कित्येक सभासद 'माझ्यापेक्षा मोठी शक्ती' म्हणून त्या खोलीतल्या माणसांकडेच बघतात. त्यांनाही कुणी बाहेर काढत नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहा. तरीही मनाला पटलं नाही, तर देवाचा आधार न घेता व्यसनमुक्तीचं काम करणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, ते याच कामासाठी. उलट तुमच्या नात्यातलं कुणीतरी तुम्हाला नक्की म्हणालं असेल की माळ घाल, सुटेल. पंढरपूरच्या जिल्ह्यात हे कुणी म्हणणार नाही असं होणारच नाही. माळ घातल्यावर ज्यांची सुटली त्यांच्याकडे जरा नीट बघा. एकादशी, भजन, वारी, दर आठवड्याला न पिणाऱ्यांची संगत, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'माळकरी' म्हणून ओळखणारा. नेमानं भेटणारी संगत तिथंही आहे आणि इथंही. तुम्हाला जी पटते ती घ्या, पण एकट्यानं शपथ घेऊन बसू नका. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की तुम्हाला पिण्याला आणखी एक कारण मिळतं, आणि त्या पोराच्या मनात विनाकारण भीती बसते.

एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. एखाद्या दिवशी कुणी म्हातारा तेच तेच बोलून कंटाळा आणेल, एखाद्या गटात तुम्हाला उपरं वाटेल. सहा-सात वेळा जा, मग ठरवा. शक्य असेल तर दोन वेगळे गट बघा. मोठ्या शहरात नव्या माणसाला रोज मीटिंग करायला सांगतात, तालुक्याच्या गावी ते जमत नाही. तुमच्यासाठी मला असं सुचतं: आठवड्यातली एक ठरलेली मीटिंग, काहीही झालं तरी. बाकीच्या दिवशी एक फोन, आणि ज्या रात्री जड जाईल त्या रात्री ऑनलाइन मीटिंग. २०२० च्या लॉकडाउनपासून त्या खूप वाढल्या आणि अजून चालू आहेत. कारखान्याचा हंगाम लागला की शिफ्ट बदलते, तेव्हा त्या फार उपयोगी पडतील. पगाराचा दिवस, गटारी, थर्टीफर्स्ट, भावकीतली लग्नं, या तारखा आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या संध्याकाळी कुणासोबत असणार ते आधी ठरवा. हळदीला जायलाच हवं का? जेवणाला जा, हळदीची रात्र टाळा. पहिलं वर्षभर तरी. भावकी नाराज झाली तर होऊ द्या.

दोन गोष्टींबद्दल सावध करते. गटातला एखादा जुना सभासद म्हणेल की डॉक्टरच्या गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन, सोडून दे. ऐकू नका. एएच्या स्वतःच्या पुस्तिकेतही सभासदांना बजावलेलं आहे की कुणी डॉक्टर बनू नये. गोळ्या डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायच्या. दुसरी गोष्ट वहिनींसाठी, आणि हे पत्र त्यांनी वाचावं म्हणून लिहिते. वहिनी, 'न कळत जेवणातून द्या, दारू सुटेल' अशा जाहिरातीची पावडर कुणी कितीही खात्रीनं दिली तरी भाजीत मिसळू नका. अशा पुड्यांत काय असतं याचा भरवसा नसतो, आणि डायसल्फिराम नावाचं औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यावर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ते औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सगळं समजावून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनं.

वहिनी, तुमच्यासाठीही जागा आहे. बिल विल्सनची बायको लोइस हिच्या पुढाकारानं १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन उभं राहिलं. आपल्याकडेही ते गट आहेत, आणि पुण्यात मुक्तांगणमध्ये पत्नींचा 'सहचरी' गट आहे. तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, कारखान्यात 'ताप आलाय' म्हणून खोटा फोन करणं, हे सगळं करून तुम्ही किती थकला आहात ते तिथल्या बाईला सांगावं लागत नाही. नवरा मीटिंगला गेला नाही तरी तुम्ही जा. तुमचं जाणं त्याच्या जाण्यावर अवलंबून ठेवू नका.

दादा, आणि तुमच्या भागात खरोखरच गट नसला तर? एएच्या परंपरेत दोन-तीन मद्यपाशी दारू सोडण्यासाठी एकत्र जमले तर तोही गट मानतात. तुमचे काही महिने स्थिर गेले की, केंद्रानं जोडून दिलेल्या त्या दुसऱ्या माणसासोबत दर गुरुवारी एका खोलीत बसायला सुरुवात करा. पण हे पुढचं. आत्ता तुम्ही डॉक्टरकडे जायला सोलापूरची एसटी पकडा.

राहिला मुलगा. दहावीचा पोरगा सगळं बघून बसलाय. त्याला 'मित्राकडे जातो' सांगून निघालात तर तो दुसरंच समजेल, कारण आजवर तुम्ही हेच सांगून निघत आलात. सरळ सांगा: 'मी दारू सोडायला मीटिंगला जातो. आठवड्यातून एकदा जाणार. साडेनऊला घरी येईन.' वचन देऊ नका, परत पिणार नाही असं म्हणू नका, त्यानं ते खूप वेळा ऐकलंय. आणि साडेनऊला घरी या. एसटी चुकली, उशीर होणार असेल, तर स्टँडवरून फोन करा. तुमच्या उशिराचा त्या घरात इतकी वर्षं एकच अर्थ होता.